लाल न झालेली ओळ

कडलग सिस्टरांना हिरवा रंग चालत नसे. साडीत चाले, बांगड्यांत चाले, फक्त तक्त्यात चालत नसे. आजूबाजूच्या आरोग्य केंद्रांचे संगणकावरचे तक्ते हिरवेगार असायचे. ज्या गरोदर बाईचं रक्त चांगलं, तिची ओळ हिरवी. सिस्टरांच्या तक्त्यात मात्र चांगल्या बाईची ओळ पांढरीच. हिरवं दाखवलं की माणूस निर्धास्त होतो, असं त्यांचं म्हणणं. पांढऱ्यानंही माणूस निर्धास्त होतो, हे आम्हाला पुढं कळलं आणि माझ्यामुळं कळलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या सेवापुस्तकात एकच वाईट शेरा आहे. तो माझ्या हातच्या नोंदीबद्दल आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी नुसतं त्यांचं कौतुक करायला बसलोय असं वाटेल.

मी तिथं फार्मासिस्ट होतो, अजूनही आहे. गावात कंपाउंडर म्हणतात, मला चालतं. कोल्हारहून आत वळलं की प्रवरेच्या पट्ट्यात जी गावं लागतात, त्यातल्या एका गावचं आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ती माणसं तिथं अजून राहतात. माझी नेमणूक कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवस घरी, मग पुन्हा अकरा महिने. दर वेळी ऑर्डर येईपर्यंत जीव टांगणीला. अशी नऊ वर्षं काढली की माणूस कुठल्याही कागदावर स्वतःचं नाव येऊ नये म्हणून जपायला लागतो. मी जपायचो.

सिस्टर म्हणजे आमच्या आरोग्य सहायिका. पाच उपकेंद्रांच्या नर्सा आणि सगळ्या आशाताई त्यांच्या हाताखाली. गरोदर बाया, बाळंतिणी, तान्ही पोरं, सगळ्यांची नोंद शेवटी त्यांच्या टेबलावर यायची. बाई ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, चष्म्याला दोरी, पायात कायम काळी रबरी चप्पल. मूळच्या संगमनेरच्या. साहेब लोकांपुढं अगदी पुस्तकी बोलायच्या आणि साहेबांची जीप फाटकाबाहेर गेली की गावाकडचं सुरू. बायांची नावं त्यांच्या लक्षात राहत, पण त्या नावानं बोलत नसत. बाईच्या हिमोग्लोबिनचा आकडा हेच तिचं नाव. "ती साडेआठवाली आली का गं?" असं आशाताईला विचारायच्या. एकदा एका बाईचा नवरा हे ऐकून भांडायला उठला होता. सिस्टरांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि तुझी बायको पुढच्या महिन्यात दहावाली झाली पाहिजे, मग बोलू, असं सांगून पालेभाजीची यादी हातात दिली.

संगणक त्या पन्नाशीला आल्यावर शिकल्या, तेही नाइलाजानं. सरकारी नोकरीत संगणकाची ती परीक्षा पास व्हावीच लागते. सिस्टर दर शनिवारी संगमनेरला जाऊन बारावीच्या पोरापोरींमध्ये क्लासला बसायच्या. शिकवायला त्यांच्या लेकीच्या, पल्लवीच्या वयाची एक मुलगी होती. तिनं एक दिवस मार्कांचा तक्ता दाखवला. पस्तीसच्या खाली मार्क असले की तो चौकोन आपोआप लाल व्हायचा. त्याला कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणतात. म्हणजे एकदा अट घालून ठेवायची, मग आकडा टाकला की रंग आपोआप येतो. सिस्टर जागेवरून उठल्या आणि विचारलं, "पस्तीसच्या जागी सात चालंल का?" ती म्हणाली, मॅडम, कुठलाही आकडा चालेल. सिस्टर खाली बसल्या. पुढं त्या दिवशी काय शिकवलं ते आपल्याला काही कळलं न्हाई, असं त्या स्वतःच सांगायच्या. मी ही गोष्ट त्यांच्या तोंडून वीसेक वेळा तरी ऐकली असेल.

त्यांना त्याचं एवढं का वाटावं, हे आधीचं रजिस्टर पाहिलेल्यालाच कळेल. ते पाटाएवढं होतं. महिनाभर त्यात आकडे भरायचे आणि महिनाअखेरीला अहवाल करताना एकेक ओळ वाचत हिमोग्लोबिन सातच्या खालच्या, धोक्यातल्या बाया शोधायच्या. तोवर ती बाई माहेरी निघून गेलेली असायची, नाहीतर तिचे दिवस भरत आलेले असायचे. सोमवारी सिस्टर आल्या, डबा न खाता संगणकापुढं बसल्या आणि दोन बोटांनी टायपत संध्याकाळपर्यंत तक्ता उभा केला. सातच्या खाली अख्खी ओळ लाल. सात ते दहा पिवळी. बाकी पांढरी. झाल्यावर मला बोलावलं. मी पाहिलं, छान आहे म्हणालो आणि औषधांच्या खिडकीवर परत गेलो.

त्या या प्रकाराला 'कंडिशन' म्हणायच्या. कंडिशन लावली, कंडिशन बसली, कंडिशन उडाली. महिनाभरात डॉक्टरसुद्धा तसंच बोलायला लागले. एखाद्या बाईची तपासणीच झाली नसेल तर तिचा रिकामा चौकोनही लाल व्हायचा, कारण संगणक रिकाम्याला शून्य धरतो. डॉक्टरांनी सांगितलं, सिस्टर, ही चूक दुरुस्त करून घ्या. त्यांनी केली नाही. तपासलंच न्हाई म्हंजे काय ठीक हाय का, रिकामी बाई लालच, असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला. मला वाटतं, अख्ख्या जिल्ह्यात संगणक इतका पटलेली दुसरी बाई नसेल.

पल्लवीसाठी स्थळं पाहायला लागल्या तेव्हा त्यांनी त्याचाही तक्ता केला होता. वयातलं अंतर, शिक्षण, नोकरी, घरात माणसं किती, मुलगा तंबाखू खातो का. प्रत्येकाला कंडिशन. चौदा स्थळं भरली आणि चौदाही लाल झाली. आम्ही चेष्टा करायला लागलो की सिस्टर, जावई आता कारखान्यातून घडवूनच आणा. शेवटी पल्लवीनं स्वतःच एक मुलगा आणला. तोही भरून पाहिला. तंबाखूचा चौकोन सोडून सगळं लाल. सिस्टरांनी तक्ता बंद केला आणि लग्नाची तारीख धरली. आता जावयाचं नाव निघालं की, गुणाचा हाय, कंडिशनच चुकली हुती, असं म्हणतात.

पण बायांच्या तक्त्यातली कंडिशन त्यांनी कुणासाठी ढिली केली नाही. एकदा नगरला आढावा बैठक होती. पडद्यावर एकेका केंद्राचा तक्ता दाखवत होते. सगळे हिरवे, आणि आमचा आला तो मिरचीच्या वाळवणासारखा. वरच्या साहेबांनी विचारलं की तुमच्याकडंच इतकं लाल कसं. डॉक्टर घामाघूम झाले. परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी सिस्टरांना समजावलं, सातचं साडेसहा करा, थोडं सौम्य दिसेल. सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. गाडी राहुरीला आली. मग म्हणाल्या, "साहेब, सौम्य दिसंल. बाईला काय दिसायचं ते दिसंल का?" डॉक्टरांनी पुन्हा विषय काढला नाही. माणूस वाईट नव्हता तो.

तक्त्याइतकीच सिस्टरांची स्कूटीही आमच्या हद्दीत माहीत होती. ओळ लाल झाली की सिस्टर त्याच दिवशी त्या बाईच्या घरी जायच्या. फोन नाही, निरोप नाही, स्वतः. डिकीत गोळ्या, पिशवीत गूळ-शेंगदाणे. ओट्यावर बसून सासूपुढं बाईला खायला लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात शिरेतून लोहाची बाटली चढवायला यायचं कबूल करून घेतल्याशिवाय उठायच्या नाहीत. वस्त्यावस्त्यांवर हे ठरूनच गेलं होतं. सिस्टरांची स्कूटी दारात आली म्हणजे सुनेचं रक्त कमी. नाही आली म्हणजे सगळं ठीक. एका सासूनं तर तक्रार केली होती की शेजारणीकडं तीनदा आल्या, आमच्याकडं एकदाबी न्हाई. सिस्टरांनी तिला सांगितलं, "माझं तोंड बघायला लागू नये अशी प्रार्थना करा." त्या अभिमानानं सांगायच्या की आता माझ्या पोरींना आकडे वाचायची गरज न्हाई, रंग बघितला की झालं. पोरी म्हणजे आशाताई आणि नर्सा. त्यात मीही आलो.

एका बाबतीत मात्र त्या फार जपायच्या. तक्त्यात बायांची नावं मराठीत होती, आकडे इंग्रजीत. म्हणजे नाव टायपून झालं की दोन कळा दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणायचा, आकडे टाकायचे, पुढच्या नावाला परत मराठीवर. मराठी अंक टाकला तर संगणकाला तो आकडा वाटतच नाही, शब्द वाटतो. आणि शब्द काही सातपेक्षा कमी नसतो, त्यामुळं रंग येत नाही. आपल्याला दोन्ही अंक सारखेच वाचता येतात, हीच खरी अडचण. सिस्टरांनी संगणकाच्या वरच्या कडेला चिकटपट्टीनं एक कागद लावला होता: नाव मराठीत, आकडे इंग्रजीत. तो माझ्या डोळ्यांसमोर चार वर्षं होता.

त्या दिवशी सिस्टर लसीकरणाला वस्तीवर गेल्या होत्या. एका उपकेंद्राच्या नर्सची जागा रिकामी होती, म्हणून तिथली आशाताई लता चार बायांच्या तपासणीच्या चिठ्ठ्या घेऊन थेट आमच्याकडं आली. सिस्टरांचा फोन आला, सोनवणे, तेवढ्या चार ओळी भरून घ्या. मी लसीचा फ्रीज बिघडल्याचं पत्र मराठीत टायपत होतो. ते संपवलं आणि तक्ता उघडला. तीन ओळी नीट भरल्या. चौथीचं नाव टायपलं तेवढ्यात खिडकीवर एक म्हातारा खोकल्याचं औषध मागायला आला. त्याला बाटली दिली, दिवसातून कितीदा घ्यायची ते दोनदा सांगितलं, परत येऊन बसलो आणि आकडा टाकला. ६.४. ओळ पांढरी राहिली. मी तक्ता बंद केला.

मी फार्मासिस्ट आहे. सहा पॉइंट चार म्हणजे काय हे मला कळतं. चिठ्ठीवरून तो आकडा मीच वाचला आणि मीच टायपला. पण लाल झालं नाही म्हणजे काही नाही, इतकं ते अंगवळणी पडलं होतं. चौकशीनंतर मी पुष्कळदा आठवून पाहिलं की तो आकडा टायपताना मनात काय आलं होतं. काहीच आलं नव्हतं.

त्या बाईचं नाव कविता. दुसरी खेप, सातवा महिना. पाच आठवड्यांनी, दिवाळीच्या आधी, तिला अंगावरून जायला लागलं. घरच्यांनी जीप करून मोठ्या दवाखान्यात नेलं. बाळ आधीच गेलं होतं. रक्त मिळालं, पण अंगात मुळात रक्तच नव्हतं. दुपारी ती गेली.

दवाखान्यातून फोन आला तेव्हा सिस्टर संगणकावरच होत्या. लाल ओळींत शोधलं, सापडली नाही. पिवळ्यांत शोधलं, नाही. मग नाव टाकून शोधलं. मी समोर गोळ्यांच्या खोक्यांवर तारखा तपासत होतो. त्या बराच वेळ एका जागी बघत राहिल्या. बाकीचे सगळे आकडे चौकोनाच्या उजव्या कडेला होते आणि तो एक डावीकडं, शब्दासारखा. एवढाच फरक. त्यांनी नोंदीची तारीख पाहिली. मग वरच्या कागदाच्या पट्टीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी विचारलं, सोनवणे, डबा खाल्ला का. मी नाही म्हणालो. खाऊन घ्या म्हणाल्या. आणि मी खाल्ला. मेथीची भाजी होती. हे मला का आठवावं कळत नाही, पण आठवतं. लाज वाटते, की त्या वेळी लाजही वाटली नाही. नुसतं सगळं लांबून दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर कविताच्या घरी गेल्या. मला सोबत या म्हणाल्या. मी मोटारसायकलवर त्यांच्या मागं गेलो. ओट्यावर माणसं बसलेली होती. कविताची तीन वर्षांची मुलगी कुणाच्या तरी मांडीवर बिस्कीट खात होती. सासूनं आम्हाला बसायला पोतं टाकलं. रडून रडून तिचा आवाज गेला होता. ती सिस्टरांना एवढंच म्हणाली, "तुमची गाडी आली न्हाई, म्हनून आमाला वाटलं समदं चांगलं हाय."

सिस्टरांनी तिचा हात धरला. मी फाटकाजवळ उभा होतो. मला तेव्हा तिथंच सांगता आलं असतं. काय सांगणार होतो, की आजी, ते संगणकातलं मराठी इंग्रजी झालं?

चौकशीला तिघं आले. आमच्या हॉलमध्ये पोहे झाले, चहा झाला, मग तक्ता भिंतीवर लावला. सिस्टरांनी स्वतः तो चौकोन दाखवला, काय झालं ते समजावून सांगितलं. साहेबांना आधी पटेना. मग एकानं स्वतः टायपून पाहिलं. मराठी सहा टाकला, पांढरं. इंग्रजी सहा टाकला, लाल. परत मराठी, परत पांढरं. खेळ असल्यासारखं तीन-चारदा करून पाहिलं. मग विचारलं की ही नोंद कोणी केली. डॉक्टरांना माहीत नव्हतं, त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. लता मान खाली घालून बसली होती. तिला माहीत होतं. मी औषधांच्या कपाटाला टेकून उभा होतो.

सिस्टर म्हणाल्या, "तक्ता माझा आहे, साहेब. नोंद माझीच धरा."

धरा म्हणजे काय, असं साहेबांनी विचारलं. लिहा, असं त्या म्हणाल्या. त्यांनी लिहिलं. निवृत्तीला सात महिने राहिलेल्या बाईच्या सेवापुस्तकात शेरा गेला.

साहेबांची जीप गेल्यावर मी सिस्टरांच्या मागं स्कूटीपर्यंत गेलो. तोंड उघडलं. त्यांनी मला बोलू दिलं नाही. तुमची ऑर्डर कधी संपते, एवढं विचारलं. जानेवारीत, मी म्हणालो. मग जानेवारीपर्यंत गप बसा, असं म्हणून त्यांनी हेल्मेट घातलं.

यावर कुणीही म्हणेल की बाई थोर. त्या तसं मानत नव्हत्या. मला नाही, पण लताला त्यांनी सांगितलं होतं, आणि लतानं मला सांगितलं. मराठी आकड्यानं रंग उडतो हे आपल्याला माहीत होतं, म्हणून तर कागद चिकटवला. कागद चिकटवायच्या जागी त्याचीच एक कंडिशन लावायला पाहिजे होती, मराठी आकडा आला की लाल. दोन मिनिटांचं काम. ते केलं नाही. आणि वर समद्यांना आकडा वाचायचं इसरायला लावलं. असं त्यांचं स्वतःबद्दलचं म्हणणं. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण चूक त्यांची होती म्हणून माझी नव्हती, असं होत नाही. हे मला तेव्हाही कळत होतं.

त्याच आठवड्यात त्यांनी तक्त्यातल्या सगळ्या कंडिशन काढून टाकल्या. सगळा तक्ता पांढरा झाला. डॉक्टर हबकले, आता बाया कशा शोधायच्या. सिस्टर म्हणाल्या, वाचून. रोज सकाळी त्या पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ मोठ्यानं वाचायच्या. नाव, कितवी खेप, हिमोग्लोबिन. दोनशेच्या वर बाया, पाऊण तास लागायचा. व्हरांड्यात बसलेले पेशंट ऐकायचे. घसा सुकला तर पाणी पिऊन पुढं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. त्या रंगांनी आमच्या हद्दीतल्या कितीतरी बाया वेळेवर सापडल्या होत्या. एक ओळ चुकली म्हणून दिवाच फोडायचा का? पण हे मी त्यांना कुठल्या तोंडानं म्हणणार होतो?

जानेवारी आली. मी एक दिवस घरी बसलो, नवी ऑर्डर घेऊन परत आलो. त्या दिवशी सिस्टरांनी वाचन संपवलं आणि चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. मी गोळ्या मोजत राहिलो. त्यांनी चष्मा परत घातला. त्यानंतर चार महिने त्यांनी माझ्याकडं तसं पाहिलं नाही. बोलायच्या नेहमीसारखंच, सोनवणे, कॅल्शियम किती शिल्लक आहे, सोनवणे, खिडकी लावा. आधी त्या 'हाय' म्हणायच्या, आता माझ्याशी 'आहे' म्हणायला लागल्या. माझ्याशी तेवढं वरच्या साहेबांशी बोलावं तसं बोलायला लागल्या. मला वाटायचं, आज सांगू, उद्या सांगू. आणि मग वाटायचंही बंद झालं.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्यांचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, पेढे. डॉक्टर चांगलं बोलले. लताला रडू आलं. सिस्टर दोन वाक्यं बोलल्या, लेकरांनो रक्त वाढवा आणि फ्रीजचं तेवढं बघा. लोक हसले. दुपारी गर्दी पांगली. त्यांच्या जागी आलेल्या नव्या सिस्टर टेबलाशी बसल्या होत्या, तरुण होत्या, वही घेऊन सगळं लिहून घेत होत्या. डॉक्टर दारात उभे राहून फोन बघत होते. कडलग सिस्टरांनी मला हाक मारली.

"सोनवणे, इकडं या. आज तुम्ही वाचा. माझा घसा बसलाय."

त्यांचा घसा बसलेला नव्हता. मी खुर्चीवर बसलो. बोट पडद्यावर ठेवलं आणि वाचायला लागलो. त्या माझ्या मागं उभ्या होत्या. बाळंतपण झालं की त्या बाईची ओळ तक्त्यातून निघते, असा आमचा रिवाज. पण वाचता वाचता मी एकशे सत्त्याऐंशीवर आलो आणि ती तिथं होती. सात महिने झाले तरी त्यांनी ती काढली नव्हती. रोज सकाळी त्या ती वाचत असणार. आणि मी तिथंच, आठ फुटांवर, कान बंद करून बसत असणार.

मी थांबलो.

"वाचा," सिस्टर म्हणाल्या.

मी वाचलं. कविता, दुसरी खेप, सहा पॉइंट चार.

"कुणी भरली?"

नव्या सिस्टरांनी वहीतून वर पाहिलं. डॉक्टरांनी फोन खाली केला. मी पडद्याकडं बघतच म्हणालो, "मी."

मग डॉक्टर हळूच म्हणाले, सोनवणे, ती फाईल आता बंद झालीये.

"फाईलीचं कोण बोलतंय, साहेब," सिस्टर म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "हं. पुढची."

मी पुढची ओळ वाचली. मग त्याच्या पुढची. आवाज माझा होता, पण दुसरा कुणी वाचत असल्यासारखा ऐकू येत होता. मागं पर्सची चेन लागल्याचा आवाज झाला. खिडकीतून त्या दिसल्या, स्कूटीच्या पुढ्यात शाल आणि नारळ ठेवत होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. स्कूटी सुरू झाली. मी वाचत राहिलो. त्यांनी थांबा म्हटलं नव्हतं.